वरच्या दुधावरची सिंहीण

पूर्व आफ्रिकेतील केनियाच्या उत्तरेकडील रखरखीत प्रदेशात १ फेब्रुवारी १९५६ रोजी एक सिंहीण मारली गेली. नरभक्षक सिंहाच्या मागावर निघालेले गेम वॉर्डन जॉर्ज अ‍ॅडॅमसन आणि त्यांचे सहकारी यांच्या अंगावर ती अचानक चालून आली आणि गोळी झाडण्यावाचून त्यांच्यापुढे पर्याय उरला नाही. ती निपचित पडल्यावर तिचे सड दुधाने भरलेले असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ती का चवताळली होती, याचा उलगडा तेव्हा झाला. पण तोवर वेळ निघून गेली होती. जवळच्याच खडकाच्या कपारीत तीन छावे सापडले. जन्माला येऊन त्यांना जेमतेम काही दिवस झाले होते. डोळ्यांवरचा निळसर पडदाही अजून विरला नव्हता.

जॉर्ज यांनी ते तिन्ही जीव उचलून आपल्या मुक्कामी आणले आणि पत्नीच्या स्वाधीन केले. त्या पत्नीचे नाव जॉय अ‍ॅडॅमसन. पुढे ‘बॉर्न फ्री’ या पुस्तकामुळे आणि त्याच नावाच्या चित्रपटामुळे हे नाव साऱ्या जगाला परिचित झाले. सिंहिणीच्या छाव्याला बाटलीने दूध पाजणारी बाई, अशी त्यांची प्रतिमा वाचकांच्या मनात घट्ट बसली. त्या प्रतिमेत गोडवा असला, तरी ती अर्धीच आहे. अनाथ छावा वाढविणे हा जॉय यांच्या कामाचा सोपा भाग होता. वाढविलेला जीव पुन्हा रानाला परत करणे हा अवघड भाग, आणि त्यासाठी त्यांनी, त्यांच्या जनावरांनी आणि भोवतालच्या माणसांनी मोजलेली किंमत हीच त्यांच्या चरित्राची खरी गोष्ट आहे.

जॉय यांचे मूळ नाव फ्रीडरिक व्हिक्टोरिया गेसनर. २० जानेवारी १९१० रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील ट्रोपाऊ या गावी त्यांचा जन्म झाला. आज हे गाव ओपावा या नावाने चेक प्रजासत्ताकात आहे. घर सुखवस्तू होते. बालपणीच्या सुट्ट्या कुटुंबाच्या मालकीच्या जमीनजुमल्यावर, रानावनाच्या सान्निध्यात जात. तेथील प्रथेप्रमाणे त्यांच्याही हाती बंदूक आली, एक हरीण त्यांच्या गोळीला बळी पडले आणि पुन्हा कधीही मौजेखातर जनावर मारायचे नाही, असा निश्चय त्या मुलीने केला. पुढे आईवडील विभक्त झाले. मुलीची रवानगी व्हिएन्नाला आजीकडे झाली. आईवडिलांच्या जागी दुसऱ्या कोणी वाढविणे म्हणजे काय, याचा अनुभव जॉय यांनी असा स्वतःच घेतलेला होता. त्या अनुभवाचा आणि पुढच्या कामाचा धागा जुळविण्याचा मोह अनेक चरित्रकारांना पडला आहे. तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

व्हिएन्नात त्यांनी पियानोचे शिक्षण घेतले, शिल्पकला आणि धातुकाम शिकून पाहिले, छायाचित्रण हाताळले, वैद्यकीय अभ्यासक्रमाचीही तयारी केली. १९३५ मध्ये व्हिक्टर फॉन क्लारव्हिल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युरोपवर नाझींची सावली पडू लागली होती. कुठे स्थायिक होता येईल हे पाहण्यासाठी पतीने त्यांना १९३७ मध्ये केनियाला पुढे पाठविले. जहाजावर त्यांची गाठ पीटर बॅली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाशी पडली आणि आयुष्याने निराळेच वळण घेतले. पहिला विवाह संपुष्टात आला व १९३८ मध्ये त्या बॅली यांच्या पत्नी झाल्या. ‘जॉय’ हे नाव त्यांना बॅली यांनीच दिले. बॅली रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करीत आणि जॉय त्यांची चित्रे काढीत. या चित्रांसाठी इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना १९४७ मध्ये ग्रेनफेल सुवर्णपदक दिले. पुढे केनियातील निरनिराळ्या जमातींच्या स्त्री-पुरुषांची त्यांच्या पारंपरिक वेशभूषेतील चित्रे काढण्याचे काम तेथील सरकारने त्यांच्याकडे सोपविले. त्या काळी वेगाने मागे पडत चाललेल्या या वेशभूषेची शेकडो चित्रे त्यांनी काढली. एल्सा नावाची सिंहीण त्यांच्या आयुष्यात आली नसती, तरी चित्रकार म्हणून त्यांचे नाव केनियात राहिले असते.

बॅली यांच्याशी असलेला विवाहही टिकला नाही. १९४४ मध्ये जॉय यांनी जॉर्ज अ‍ॅडॅमसन यांच्याशी तिसरा विवाह केला. जॉर्ज यांचा जन्म १९०६ मध्ये भारतात, उत्तर प्रदेशातील इटावा येथे झालेला. तरुण वयात ते केनियाला गेले, नाना उद्योग करून पाहिले आणि १९३८ मध्ये तेथील वन्यजीव खात्यात रुजू झाले. माउंट केनियाच्या उत्तरेला असलेले इसिओलो हे त्यांचे ठाणे होते. सोमाली सीमेपर्यंत पसरलेला अवाढव्य मुलूख त्यांच्या देखरेखीखाली होता. जॉर्ज अबोल, संथ आणि रानात रमणारे. जॉय तापट, हट्टी आणि अविश्रांत. या संसारात खटके पुष्कळ उडाले. मूलबाळ झाले नाही. अशा घरात १९५६ च्या फेब्रुवारीत ते तीन छावे आले.

आई गमावलेले पिलू वाचविणे म्हणजे केवळ दूध पाजणे नव्हे. मांजरकुळातील आई पिलाला सतत चाटते. त्या चाटण्याने त्याचे अंग स्वच्छ राहते, रक्ताभिसरण सुधारते आणि मलमूत्रविसर्जनही घडते. तिच्या अंगाची ऊब पिलाला थंडीपासून वाचविते. तिच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकाराची शक्ती मिळते. हे सारे माणसाच्या हाताने, फडक्याने आणि बाटलीने भागवायचे असते आणि त्यात एखाद्या दिवसाची हयगयही जिवावर बेतू शकते. इसिओलोला पहिले दोन दिवस तिन्ही छावे दुधाला तोंड लावीनात. अखेर बिनसाखरेचे डब्यातले दूध त्यांच्या घशाखाली उतरू लागले आणि मग मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या दुधात कॉडलिव्हर तेल, ग्लुकोज, हाडांची पूड आणि चिमूटभर मीठ घातले जाऊ लागले. आपल्याकडे अंगावरच्या दुधाऐवजी पाजलेल्या दुधाला वरचे दूध म्हणतात. हे तीन सिंह वरच्या दुधावर वाढले.

या संगोपनात जॉय एकट्या नव्हत्या, याची नोंद घेणे आवश्यक आहे. घरच्या बागेत काम करणाऱ्या नुरू नावाच्या सोमाली तरुणाकडे छाव्यांच्या राखणीचे काम देण्यात आले होते. ते भटकत दूर गेले की त्यांच्यामागे जायचे, झुडपाच्या सावलीला ते झोपले की जवळ बसून राहायचे, साप किंवा माकडांचा उपद्रव होऊ द्यायचा नाही, अशी त्याची दिवसभराची नोकरी होती. दुसरी राखणदार होती पाती. ही जॉय यांनी पाळलेली हायरॅक्स, म्हणजे खडकात राहणारा, सशाच्या आकाराचा एक प्राणी. छावे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे होईपर्यंत पातीने त्यांच्यावर वडीलकीचा अधिकार गाजविला.

तीन पूर्ण वाढलेले सिंह घरात ठेवणे अशक्य होते. साडेपाच महिन्यांचे झाल्यावर दोन धष्टपुष्ट छावे विमानाने हॉलंडला, रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात धाडण्यात आले. सर्वांत लहानखुरी मादी तेवढी मागे राहिली. तीच एल्सा. बहिणींची पाठवणी झाल्यावर तिला माणसांखेरीज दुसरे गणगोत उरले नाही. लँडरोव्हरच्या टपावर बसून ती प्रवास करी, तंबूतल्या खाटेवर झोपे, जॉय यांचा अंगठा चोखे. अ‍ॅडॅमसन दांपत्याने तिला हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर नेले, त्या काळी रुडॉल्फ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुर्काना सरोवरापर्यंतच्या पायी सफरीतही बरोबर घेतले. लाडाकोडात वाढलेली, पण दावणीला न बांधलेली अशी ही सिंहीण होती.

ती दोन वर्षांची झाली तेव्हा पुढे काय, हा प्रश्न टाळता येईना. रात्री रानातून सिंहांची डरकाळी आली की एल्सा अस्वस्थ होई. घरातून निघून जाई आणि परत येई. प्राणिसंग्रहालय हा सोपा आणि सर्वमान्य मार्ग होता. माणसाळलेले हिंस्र श्वापद मोकळे सोडणे हा वेडेपणाच समजला जात होता आणि त्यामागे कारणही होते. असे जनावर शिकार शिकलेले नसते, त्याला स्वतःचा मुलूख नसतो, रानातले सिंह त्याला आपल्यात घेत नाहीत आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याला माणसाचे भय वाटत नाही. जॉय यांनी तरीही पिंजऱ्याला नकार दिला. एल्साला रानात सोडायचेच, पण सोडून पळून यायचे नाही. ती स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत तिच्याजवळ तळ ठोकून राहायचे, असा निर्णय त्यांनी आणि जॉर्ज यांनी घेतला.

पहिला प्रयत्न फसला. दूरच्या, उंचावरच्या आणि वेगळ्या हवामानाच्या प्रदेशात तिला नेण्यात आले. काही दिवस तिला एकटे सोडून दांपत्य परतले, तेव्हा ती उपाशीपोटी त्यांची वाट पाहत असलेली आढळली. पुढे ती आजारी पडली. मग १९५८ मध्येच तिला मेरू भागातील उरा नदीच्या काठी हलविण्यात आले. तेथील उष्ण व काटेरी रान तिला मानवले. जॉर्ज हरीण मारून ते एल्सापुढे टाकीत. ते फाडायचे कसे, ओढून आडोशाला न्यायचे कसे, गिधाडांपासून राखायचे कसे, हे ती हळूहळू शिकत गेली. आई सिंहीण ज्या विद्या दीड-दोन वर्षांत पिलांना देते, त्या माणसाने बंदुकीच्या आणि जीपच्या साहाय्याने द्यायच्या होत्या. अखेर एल्सा स्वतः शिकार करू लागली. अ‍ॅडॅमसन मंडळी तळ उठवून जात आणि काही आठवड्यांनी परत येत, तेव्हा ती धडधाकट असे. भेटायला येई, अंगाला अंग घाशी, पण खाण्यासाठी तिला आता त्यांची गरज उरली नव्हती.

त्यापुढे घडले ते जॉय यांनाही अनपेक्षित होते. एल्साने रानातल्या सिंहाशी जोडी जमविली आणि डिसेंबर १९५९ मध्ये तिला तीन छावे झाले. साधारण सहा आठवड्यांनी ती त्यांना घेऊन नदी ओलांडून थेट जॉय यांच्या तळावर आली. लेकीने पहिल्या बाळंतपणानंतर मुलांना घेऊन माहेरी यावे, तसाच हा प्रकार होता. जेस्पा, गोपा आणि धाकटी एल्सा अशी त्यांची नावे ठेवण्यात आली. गोपा हे नाव आपल्याकडचे वाटेल. पण स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ भित्रा असा आहे. या वेळी मात्र जॉय यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले. या छाव्यांना हात लावायचा नाही, त्यांना कुरवाळायचे नाही, त्यांना रानटीच राहू द्यायचे. एल्साच्या बाबतीत नाइलाजाने जे करावे लागले, ते तिच्या मुलांच्या बाबतीत मुद्दाम न करणे, यातच जॉय यांची खरी समज दिसून येते. ज्या पिलाला स्वतःची आई आहे, त्याला माणसाची माया अपायकारकच ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

१९६० मध्ये ‘बॉर्न फ्री’ प्रकाशित झाले आणि पाहता पाहता अनेक भाषांत पोहोचले. या पुस्तकात जॉर्ज यांच्या नोंदींचाही मोठा आधार घेण्यात आला होता. सिंह म्हणजे मारण्यासाठीच असलेले जनावर, ही शिकाऱ्यांच्या आठवणींतून रुजलेली कल्पना या पुस्तकाने खिळखिळी केली. प्रत्येक जनावराला स्वतःचा स्वभाव असतो, हे सामान्य वाचकाला एल्साच्या निमित्ताने प्रथमच जाणवले. शास्त्रज्ञांना मात्र या भावनिक सुराबद्दल शंका होती. पिलू जन्मानंतरच्या ठरावीक काळात जे समोर दिसेल त्यालाच आई मानते, हे व्हिएन्नाचेच कोनराड लोरेंझ यांनी हंसांच्या पिलांवरून १९३५ मध्येच दाखवून दिले होते. लोरेंझ यांची पिले आयुष्यभर माणसाच्या मागे धावत. एल्सा मात्र माणसाला विसरली नाही आणि रानालाही परकी राहिली नाही. म्हणूनच तिची हकीकत जाणकारांनाही दखल घेण्याजोगी वाटली.

सुखाचे हे दिवस फार काळ टिकले नाहीत. माणसांना न भिणारी सिंहीण आपल्या मुलखात असणे धोक्याचे आहे, तिला आणि छाव्यांना तेथून हलवावे, असा आग्रह स्थानिक प्रशासनाने धरला. नव्या जागेचा शोध चालू असतानाच एल्सा आजारी पडली. २४ जानेवारी १९६१ रोजी तिचा मृत्यू झाला. जॉर्ज तिच्यापाशी होते. जॉय शेवटच्या क्षणी पोहोचू शकल्या नाहीत. गोचिडांमार्फत पसरणारा, मलेरियाशी साधर्म्य असलेला बाबेसिया हा रक्ताचा रोग तिला झाला होता, असे तपासणीत निष्पन्न झाले. तिचे वय होते अवघे पाच वर्षांचे. नदीकाठच्या तिच्या आवडत्या जागी तिला पुरण्यात आले.

मागे राहिलेले छावे वर्षाचे होते आणि शिकारीत अजून कच्चे होते. भुकेपोटी ते जवळच्या वाड्यांवरील शेळ्या उचलू लागले. त्या वाड्यांतील लोकांच्या दृष्टीने पाहिले, तर जगप्रसिद्ध पुस्तकातल्या सिंहांनी त्यांचे घरचे धन लुटले होते. जेस्पाच्या अंगात बाणाचे टोक रुतून बसले. त्या बाणामागे दुष्टपणा नव्हता. कळप राखणाऱ्या माणसाचा तो स्वाभाविक प्रतिकार होता. अखेर तिन्ही छाव्यांना पिंजऱ्यात पकडून शेकडो मैलांचा प्रवास घडवून टांगानिकातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात मे १९६१ मध्ये सोडण्यात आले. त्यानंतर अनेक महिने जॉय आणि जॉर्ज त्यांचा माग काढीत सेरेंगेटी पालथी घालत राहिले. जेस्पाच्या जखमेवर उपचार करण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. आजीने नातवंडांना पाठवणी करून दिली खरी, पण ती पोहोचली की नाही हे तिला अखेरपर्यंत नीट समजले नाही. ‘लिव्हिंग फ्री’ आणि ‘फॉरएव्हर फ्री’ ही दोन पुस्तके या काळाची कहाणी सांगतात.

पुस्तकांच्या उत्पन्नाचा मोठा भाग जॉय यांनी वन्यजीव संरक्षणासाठी वेगळा काढला. एल्साच्या नावाने निधी उभारला. ज्या मेरूच्या रानात एल्सा राहिली, त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९६६ मध्ये मिळाला. त्याच वर्षी ‘बॉर्न फ्री’ चित्रपट झळकला. व्हर्जिनिया मॅकेना आणि बिल ट्रॅव्हर्स या पती-पत्नींनीच जॉय आणि जॉर्ज यांच्या भूमिका केल्या होत्या. चित्रपटाला संगीतासाठी व गीतासाठी अशी दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. या दोघा कलावंतांवर त्या अनुभवाचा असा परिणाम झाला, की बंदिवासातील वन्यप्राण्यांसाठी त्यांनी १९८४ मध्ये एक संघटना उभारली. पुढे ती बॉर्न फ्री फाउंडेशन या नावाने ओळखली जाऊ लागली.

एल्सानंतर दोघांचे मार्ग वेगळे झाले. जॉर्ज सिंहांमध्ये राहिले, जॉय चित्त्यांकडे वळल्या. १९६४ मध्ये त्यांच्याकडे पिप्पा ही चित्त्याची मादी आली. केनिया सोडून निघालेल्या एका इंग्रज कुटुंबाने ती पाळली होती. शहरी सोफ्यावर वाढलेल्या पिप्पाला जॉय यांनी मेरूच्या रानात शिकार करायला लावले. पिप्पा रानात रुळली आणि चार वेळा व्याली. सिंह आणि चित्ते एकमेकांचे वैरी असल्याने पती-पत्नींचे तळही एकाच उद्यानात काही मैलांच्या अंतरावर राहिले. १९६९ हे वर्ष जॉय यांच्यासाठी फार कठीण गेले. मोटार अपघातात त्यांचा उजवा हात कायमचा जायबंदी झाला. चित्रकला आणि पियानो या दोन्हींना त्यांना मुकावे लागले. त्याच वर्षी जखमी झालेली पिप्पाही दगावली.

चित्रपटासाठी आणलेल्या काही सिंहांना रानात सोडण्याचा प्रयोग जॉर्ज करीत होते आणि तेथे या साऱ्या कामाची काळी बाजू समोर आली. बॉय नावाच्या सिंहाने १९६९ मध्ये मेरूच्या वॉर्डनच्या लहान मुलाला जखमी केले. १९७१ मध्ये कोरा येथील तळावर याच बॉयने एका आफ्रिकी कामगाराचा जीव घेतला. जॉर्ज यांना आपल्या हाताने त्याला गोळी घालावी लागली. माणसाच्या हाताने वाढलेला सिंह माणसाला भीत नाही, या आक्षेपाला आता पुराव्याची जोड मिळाली. एल्साने कोणाचा जीव घेतला नाही, यात जॉय यांच्या कौशल्याचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हा प्रश्न त्या घटनेपासून कायमचा उभा राहिला. प्रयोगाची कीर्ती ज्यांच्या वाट्याला आली त्यांची नावे जगाला ठाऊक झाली. त्या प्रयोगात प्राण गमावणारा कामगार मात्र सर्वांच्या विस्मरणात गेला.

भारतातही याच वाटेने एक पाऊल पडले होते. उत्तर प्रदेशातील दुधवाच्या जंगलालगत राहणारे बिली अर्जन सिंग यांनी बिबट्याची पिले वाढवून रानात सोडली आणि १९७६ मध्ये इंग्लंडच्या ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा नावाची वाघीण आणून तिलाही रानवाटेला लावले. पुढे त्या परिसरात माणसांवर हल्ले झाले, तेव्हा बोट ताराकडे दाखविले गेले. तिच्या रक्तात सायबेरियन वाघांची भेसळ असल्याचा वादही उपस्थित झाला. २०१० मध्ये निधन होईपर्यंत अर्जन सिंग यांनी आपली बाजू सोडली नाही, पण वन्यजीव व्यवस्थापनाने हा मार्ग पुढे चालविला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न उसाच्या फडात भेटतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर परिसरात ऊसतोडणी सुरू झाली की बिबट्याचे बछडे सापडतात. ती अनाथ आहेत असे समजून उचलून नेली, तर त्यांच्या नशिबी बहुधा जन्मभराचा पिंजरा येतो. म्हणून वनखात्याची माणसे आणि पशुवैद्यक बछड्यांची तपासणी करून त्यांना त्याच शेतात, सापडले त्या जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर जाऊन थांबतात. रात्री मादी येते आणि बछडे तोंडात धरून घेऊन जाते. माणसाने आई होण्यापेक्षा खऱ्या आईला वाट मोकळी करून देणे श्रेयस्कर, हे तत्त्व आता येथे रुजले आहे. एल्साच्या छाव्यांना हात न लावण्याचा जॉय यांचा निश्चय याच जातीचा होता. फरक इतकाच, की एल्साची आई बंदुकीच्या गोळीने गेलेली होती आणि तिला परत आणणे कोणाच्याही हाती नव्हते.

जॉय यांची शेवटची मानसकन्या होती पेनी ही बिबट्याची मादी. १९७६ मध्ये काही आठवड्यांचे पिलू म्हणून ती त्यांच्याकडे आली, तेव्हा जॉय यांनी पासष्टी ओलांडली होती. उजवा हात धड चालत नव्हता. बिबट्या हे सिंहासारखे कळपात राहणारे जनावर नव्हे. त्याची माया बेभरवशाची आणि नख्यांचा मार अटळ. जॉय यांच्या अंगावर ओरखड्यांची भर पडत राहिली. तरी शाबा येथील राखीव रानात तळ देऊन त्यांनी पेनीला वाढविले, सोडले आणि १९७९ मध्ये तिला पिले झालेली पाहिली. सिंहीण, चित्ता आणि बिबट्या अशा तीन जातींच्या मादीने माणसाच्या हातून रानात जाऊन पिलांना जन्म द्यावा, हे काम एकाच व्यक्तीच्या हातून घडले होते.

जनावरांशी वागताना त्यांचा जो धीर दिसे, तो माणसांच्या वाट्याला फारसा आला नाही. त्यांच्या तापट स्वभावाने नोकरचाकर टिकत नसत, सहकारी दुखावले जात, पतीलाही त्यांच्यापासून दूर राहणे बरे वाटे. केनियाला १९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. पण अनेक गोऱ्या रहिवाशांप्रमाणे जॉय यांचीही कामगारांशी वागण्याची रीत जुन्याच काळातली राहिली. ३ जानेवारी १९८० च्या संध्याकाळी शाबा येथील तळाजवळ त्या मृतावस्थेत आढळल्या. सिंहाने त्यांचा बळी घेतल्याचे वृत्त प्रथम जगभर पसरले. जखमा पंजाच्या नसून धारदार शस्त्राच्या असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. नोकरीवरून काढून टाकलेल्या एका तरुणाला न्यायालयाने १९८१ मध्ये दोषी ठरविले. गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन असल्याने त्याची फाशी टळली. आयुष्यभर श्वापदांच्या संगतीत राहिलेल्या जॉय यांना सत्तराव्या वाढदिवसाला अवघे काही दिवस उरले असताना माणसाच्या हातून मरण आले. जॉर्ज यांचीही अखेर तशीच झाली. २० ऑगस्ट १९८९ रोजी कोरा येथे एका पाहुणीला वाचवायला गेले असता लुटारूंनी त्यांना गोळ्या घातल्या.

‘क्वीन ऑफ शाबा’ हे पेनीवरील पुस्तक जॉय यांच्या मृत्यूच्या वर्षातच प्रसिद्ध झाले. नैवाशा सरोवराकाठचे त्यांचे एल्सामेअर हे घर पुढे स्मारक म्हणून जतन करण्यात आले. त्यांनी चोखाळलेला मार्ग आज जसाच्या तसा कोणी स्वीकारत नाही. अनाथ पिलांच्या पुनर्वसनात आता माणसाचा सहवास शक्य तितका कमी ठेवला जातो, लळा लागणार नाही याची काळजी घेतली जाते. हे शहाणपण ज्या अनुभवांतून आले, त्यांत एल्साच्या रानातल्या दिवसांचा वाटा आहे आणि बॉयच्या हल्ल्यांचाही. पिंजऱ्यापलीकडे काही शक्य आहे, हे एल्साने दाखविले. त्याची मर्यादा कुठे आहे, हे बॉयने.

जॉय यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींचा काही भाग एल्साच्या आणि काही पिप्पाच्या शेजारी मेरूच्या मातीत ठेवण्यात आला. देशांच्या सीमा, तीन विवाह आणि अनेक नावे ओलांडून आलेल्या त्या बाईला कायमचे घर मिळाले ते तिथे.